वहीतला भाऊ

चाकण रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात कस्तुरामावशी अकरा वर्षं फाटकावर होत्या. नवऱ्याची पिंपरीतली कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी हे काम धरलं. कोणती मुलगी जेवली नाही, कोणती रडून आली, हे त्यांना चालीवरून कळे.

भेटायला फक्त वडील किंवा भाऊ यांनाच आवारातल्या बाकापर्यंत सोडायचं, असा नियम होता. म्हणून ज्याला यायचं तो भाऊ होई. प्रवेशाच्या फॉर्मवर मुलीच्या सख्ख्या भावाचं नाव असे, तेच मावशी फाटकावरच्या वहीत उतरवत. "पोरींनो, तुमच्या आयांना एवढे ल्योक झाले कधी गं?" असं म्हणून हसत. बाहेर रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांआड उभं राहून बोलण्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर बसलेली बरी, असं त्यांना वाटे.

परभणीची निशिगंधा दुसऱ्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षाचा ओंकार वर्षभर तिचा असाच भाऊ होता. श्रावणात एक दिवस ती म्हणाली, "मावशी, तो आला तर मी नाही म्हणून सांगा. मला त्याला भेटायचं नाही."

"भांडलीस व्हय?"

"भांडण नाही. नाही म्हटलेलं ऐकतच नाही तो."

"अगं, चार दिवस रुसवा, मग पुन्हा गोड. जरा समजून घे."

रविवारी दुपारी ओंकार आला. डोळे लाल. "मावशी, पाच मिन्टं. माफी मागायची हाय फक्त."

मावशी विरघळल्या. वहीत भाऊ लिहिला आणि जिन्याखालून हाक मारली, "निशिगंधा, भाऊ आलाय तुझा!" ओंकारला नाही म्हणायला सांगितलेलंच होतं, म्हणून सख्खा भाऊ समजून ती धावत खाली आली. तेवढ्यात मागच्या बाजूला पाण्याचा टँकर आला, मावशी तिकडे गेल्या. परतल्या तेव्हा बाक रिकामा होता. निशिगंधा त्यांना जनरेटरच्या खोलीत सापडली. कुडत्याची बाही उसवलेली, आणि ती हाकेला ओ देत नव्हती.

तिनं तक्रार केली. ओंकार म्हणाला, मी त्या दिवशी आलोच नव्हतो. फाटकावरचा कॅमेरा मे महिन्यापासून बंद होता. उरली वही.

चौकशीच्या आधी रेक्टर जयमाला मॅडमनी मावशींना बाजूला घेतलं. "वहीत भाऊ आहे, तुम्हीही भाऊच म्हणा. नाहीतर तुमच्या सगळ्या वह्या खोट्या ठरतील. तुम्ही जाल, मीही जाईन."

मावशींनी चौकशी समितीपुढे खरं सांगितलं, आला होता तो ओंकारच.

"म्हणजे तुम्ही वहीत खोटं लिहिलंत?"

"व्हय."

"किती वेळा?"

"अकरा वर्षं लिहितेय, साहेब."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

"पोरगी नाही म्हणाली होती," मावशी म्हणाल्या. "मला म्हणाली होती. एवढं तरी लिहा."

लिहिलं की नाही, कळलं नाही. पुरावा पुरेसा नाही म्हणून ओंकारला समज देऊन सोडलं. त्याची परीक्षा जवळ आली होती. मावशींना कामावर ठेवणाऱ्या ठेकेदारानं सांगितलं, पहिल्या तारखेपासून येऊ नका.

निशिगंधाचे वडील टेम्पो घेऊन आले. मावशींनी गादी उचलून दिली, बादली दिली. निशिगंधा पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. तिला काय सांगावं? अकरा वर्षं पोरींचे चेहरे वाचले, आणि एकीनं स्पष्ट शब्दांत सांगितलेलं ऐकू आलं नाही.

वडिलांनी हात जोडले. "ताई, लेकराच्या बाजूनं तुम्ही एकट्याच बोललात. पोरीची आई तुमचं नाव काढते."

मावशींना गप्प राहता आलं असतं.

"दादा," त्या म्हणाल्या, "तिला खाली मीच बोलावलं होतं. भाऊ आलाय म्हणून."

वडिलांचे जोडलेले हात हळूहळू सुटले. टेम्पोत बसून त्यांनी लेकीच्या बाजूची काच वर केली.