भट्टीच्या माळ्यावरचा खेळ

पेटी आली तेव्हा पोराला जाऊन सहाएक महिने झाले होते. कुरियरवाला गेटाबाहेर उभा राहून त्याचं पूर्ण नाव घेऊन हाका मारत होता. तेवढ्या महिन्यांत आमच्या घरात ते नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. बायको आत नारळ खवत बसली होती. ती तशीच उठून धावली, हाताला खोबऱ्याचा चून लागलेला. त्या माणसाला म्हणाली, "घरात नाय." जसा काय दुकानावर गेलाय. मग त्याने विचारलं तुम्ही कोण, तर म्हणाली आवय, म्हणजे आई. त्याने पेटी तिच्या हातात दिली आणि गेला.

पेटी मोठी होती, सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटएवढी, आणि जड. आत काय आहे ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

आमचा एकच पोरगा. गोव्यात भाषेचं भांडण पेटलं होतं, रस्त्यावर झाडं आडवी टाकली होती, तेव्हा तो पोटात होता. म्हापशाला नेता येईना म्हणून आमच्या गावात, पार्सेतच सुईणीच्या हातून झाला. पुढे औषधाच्या कारखान्यात लागला. लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा. कामावरून आला की कम्प्युटरवर खेळ. त्या खेळात एक लोखंडी कपडे घातलेला माणूस होता, हातात कुऱ्हाड. जळक्या मुलखातून फिरायचा आणि राक्षसांकडून मार खायचा. मारायचा कमी, मरायचा जास्त. पण मेला की एका धुनीपाशी परत उठून बसायचा. बायको त्याच्या मागे पाटावर बसून काजूबिया सोलायची आणि बघायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण हे एवढं तिला कळलं होतं.

"मेलो?" ती विचारायची.

"मेलो गे आये."

"मगे?"

"उठतलो आता. रव मगो."

आणि तो उठायचा. मग ती म्हणायची, ह्येका मराची लाज म्हणून नाय. मी बाहेर सोप्यावर बसून ऐकायचो. मला वाटायचं दोघंही वाया गेलीत.

पुढे कधीतरी पोराने सांगितलं की हाच खेळ आता परदेशात कोणी पटावर खेळायचा काढतायत, प्लास्टिकच्या बाहुल्यांचा. पैसे आधी पाठवायचे, खेळ मागाहून बनवणार. बायको म्हणाली, म्हशीच्या पोटात रेडकू आणि तू दावां घेऊन आयलंस. तो हसला. त्याने तिला समजावलं, खेळ आला की माझे तिघे दोस्त येतील, सोप्यावर बसून खेळू, तू फक्त पातळ भाजी कर. ती म्हणाली करीन.

तो मोपाच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून गेला. त्यावर मला लिहायचं नाही.

तो गेल्यावर बायकोने देवाला शिव्या दिल्या नाहीत की कौल लावायला गेली नाही. तिने एकच धरून ठेवलं. पेटी येतली, तिघां पोरांका बोलवूया, सोप्यार बसून एकदा तरी खेळांदी. घरात तेवढा आवाज तरी होईल, म्हणायची. मी हो म्हणायचो. हो म्हणायला काय जातं.

पण पेटी आली ती सुतकाच्या वर्षात. आमच्या घराण्यात माणूस गेला की वर्षश्राद्ध होईपर्यंत हौसेची नवी वस्तू उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. कपडा नाही, भांडं नाही, खेळ तर नाहीच. शेजारची म्हणाली, ती त्याचीच वस्तू, आण आत. बायको ऐकेना. म्हणाली, त्येच्याच वर्सात त्येची रीत मोडूची नाय. मग ठेवायची कुठे? पेटी कागदाची, पावसात सडेल. तिनेच जागा काढली. भट्टीचा माळा.

आम्ही काजूवाले. घराच्या मागे पत्र्याच्या खोपीत आमची भट्टी. काजूचा रस आंबवून मोठ्या भाणात उकळायचा, वाफेची उराक होते, परत उकळली की फेणी. चुलीवर पत्र्याखाली बांबूचा माळा आहे. जे काय कोरडं राहायला हवं ते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्या माळ्यावर जातं. मिरच्या, सोलं, बियाणं, आजोबांचं ढोलकंसुद्धा होतं. वाळवी नाही, बुरशी नाही. त्याहून कोरडी जागा अख्ख्या पार्सेत मिळायची नाही. मी शिडी लावली आणि पेटी वर सरकवली. तिने खालून बघून सांगितलं, धुराड्यापासून पैस, जरा लांब, हां, थंयच.

पंधरा दिवसांत हंगाम सुरू झाला. कुडाळकडचं एक जोडपं दरवर्षी काजूची बोंडं वेचायला येतं, ते आलं. भट्टी सकाळी पेटायची ती सांजवेळी विझायची, मे संपेपर्यंत. वर माळ्यावर हात ठेववत नव्हता इतकं तापायचं. मिरच्यांना ते चांगलं असतं.

बायको आषाढात गेली, पोराचं वर्ष पुरं व्हायच्या आधी. तिला साखर होती. लोक म्हणतात साखरेने गेली. साखरेने नाही गेली, जेवायची बंद झाली म्हणून गेली. मी पेज घेऊन बसायचो, ती भिंतीकडे तोंड करायची. शेवटी शुद्धीत होती तेव्हा म्हणाली, "वर्स सरलां काय ती पेटी काडा. पोरांका सांगा."

तिचं वर्ष तिच्यासाठी परत धरायला हवं होतं. मला त्या रितीत काही राम वाटत नाही. तरी धरलं, कारण तिने धरलं असतं. त्या साली मी भट्टी पेटवली नाही. कुडाळवाल्यांना सांगितलं दुसरीकडे बघा. खोपीत एक पावसाळा गेला, दुसरा लागला, मधे चुलीची ऊब नाही. पत्रा गळत नव्हता, पण ओल काय गळूनच येते असं नाही.

तिचं वर्षश्राद्ध झालं आणि मी पेटी खाली काढली. मग दोस्तांना फोन लावले. एक पोर्तुगालचा पासपोर्ट करून लंडनला गेला होता, फोन त्याच्या आईने घेतला. दुसरा जहाजावर, कधी येईल त्याचा नेम नाही. तिसऱ्याच्या मांद्रेला पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत. पावसात गिऱ्हाईक नसतं. तो म्हणाला येतो काका, रविवारी दुपारी.

मी पातळ भाजी केली. आयुष्यात पहिल्यांदा. मीठ जास्त पडलं. पोदेराकडून पाव घेऊन ठेवले.

तो आला, वयाने माझ्या पोराएवढाच, पोट सुटलेलं. सोप्यावर चटई घातली आणि पेटी मधे ठेवली. सुरी लावायच्या आधी त्याने मोबाईल काढला. म्हणाला, काका, लोक अशा पेट्या उघडतानाचे व्हिडिओ काढून घालतात आणि लाखांनी लोक बघतात. मी म्हटलं, पेटी उघडताना काय बघायचं? तर त्याने दाखवला. हीच पेटी. कुणी गोरा माणूस, पांढरं टेबल, हातांची नखं स्वच्छ. एकेक तबक काढून दाखवत होता. प्रत्येक बाहुलीला तिची तिची खोबण, आणि बाहुली बाहेर आली की टेबलावर ताठ उभी. कुऱ्हाडवाला मी लगेच ओळखला. गोऱ्याने तो बोटांत धरून फिरवला, पाठ दाखवली, पोट दाखवलं. मी म्हटलं पुरे, आमची काढ.

त्याने चिकटपट्टी कापली. आतून भपकारा आला, आंबलेल्या बोंडांचा, उराकेचा.

"काका," तो म्हणाला, "पेटी पिऊन आयल्या."

मी हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा हसलो असेन, आणि तेवढंच.

पहिलं तबक त्याने वर काढलं ते मधून खचलेलं होतं, भाकरी वाकावी तसं. त्यातल्या बाहुल्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. कुणाची तलवार दोरीसारखी लोंबतेय, कुणाचं तोंड छातीला टेकलेलं. एक मोठा राक्षस होता, गोऱ्याच्या टेबलावर हातभर उंच दिसला होता, तो गुडघ्यात बसला होता. दोस्ताने दुसरं तबक काढलं, तिसरं काढलं. मग विचारलं, ठेवली खंय होती? मी सांगितलं. त्याने खोपीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. बरा पोरगा आहे. दुसरा असता तर बोलला असता.

पत्त्यांची थप्पी विटेसारखी झाली होती. त्याने सुरीचं टोक घालून एक सोडवला, तर वरच्याचं चित्र खालच्याच्या पाठीला लागून आलं. पटावर पांढरी बुरशी. फासे तेवढे शाबूत.

तो म्हणाला, गरम पाण्यात घातलं की हे सरळ होतं, मग लगेच गार पाण्यात बुडवायचं. मी टोप चढवला. त्याने कुऱ्हाडवाला चमच्याने पाण्यात सोडला, बाहेर काढून बोटांनी ताठ केला आणि बादलीत बुडवला. खरंच उभा राहिला. राखाडी रंगाचा, वीतभरही नाही. मी त्याला चटईवर ठेवून बघत बसलो. बायको असती तर म्हणाली असती, उठलो.

म्हटलं, आता खेळूया. त्याने सांगितलं चौघं लागतात, पण दोघांनाही जमतं. पुस्तक इंग्लिश. मी मराठी चौथी, तीही अर्धी. कोंकणी बोलतो, लिहायची वेळ आली की मराठी, इंग्लिश पाटीसुद्धा वाचत नाही. तो वाचून सांगत गेला. ज्या पत्त्यांचं चित्र गेलं होतं त्यावर काय असावं ते आठवून, कधी मनाने. मी फासे टाकले. माझा कुऱ्हाडवाला दोन घरं गेला आणि गुडघ्यात बसलेल्या राक्षसाने त्याला मारला.

"मेलो, काका."

"मगे?"

त्याने पुस्तक चाळलं. म्हणाला, पटाच्या कोपऱ्यात धुनीचं चित्र आहे, तिथे नेऊन उभा करा, परत चालू. पण या खेळात असं दर वेळी नाही. धुनीचे गोल तुकडे मोजून दिलेत, ते संपले की संपलं.

मी त्याला उचलला. तोवर तो परत वाकला होता. बाहेर पाऊस, पण सोप्यावर उकडत होतं, की माझ्या हाताची ऊब लागली, कोण जाणे. धुनीवर ठेवला तर तोंडावर पडला. परत ठेवला, परत पडला. पोरगा म्हणाला, "आडवो ठेवलो तरी चलता काका. नियमात तसां काय नाय."

मी म्हटलं, "उबो रवाक होयो."

त्याने पायाखाली काजूबी लावून बघितली. त्याला पुढून आधार दिला तर मागे कलंडला. त्याने परत टोप चढवू का विचारलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, खोलीवर कोणी तरी आलं होतं, पावसातलं भरकटलेलं गिऱ्हाईक. त्याने भाजी खाल्ली, मिठाबद्दल बोलला नाही. जाताना म्हणाला, तो जहाजावरून आला की तिघं मिळून बसू. मी हो म्हटलं.

मांद्रेवाला परत आला नाही. मीही फोन केला नाही. जहाजवाला येऊन परत गेला असं ऐकलं.

मी सगळं होतं तसं तबकात घातलं. कुठली बाहुली कुठल्या खोबणीतली ते कळेना, आणि वाकलेली कुठल्याच खोबणीत बसत नव्हती. झाकण वर राहिलं, म्हणून पेटी सुंभाने बांधली. घरात ठेवायला आता कसलीच आडकाठी नव्हती. पण ठेवायची कुठे, आणि बघायचं कोणी. शिडी लावली आणि होती तिथेच परत ठेवली.

या साली माझ्याने होत नाही म्हणून भट्टी कुडाळवाल्यालाच चालवायला दिलीय. बोंडं पिकलीत. काल त्याने विचारलं, माळ्यार पेटी कसली, काढून खाली ठेवू काय, उद्यापासून आग लावणार. त्याच्या बायकोला मिरच्या घालायच्या आहेत.

मी म्हटलं रवांदी थंयच. मिरच्या बाजूक घाल.