दाजींच्या गाडीचं हेड

आमचे दाजी टेलर आहेत. त्यांच्या हातच्या शर्टाला नाव ठेवायची कुणाची टाप नाही. पण हाच माणूस स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिला की मी हातातलं काम टाकून धावतो. इंजिनांची हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग, दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि लोकांनी आपल्या हातानं केलेल्या पराक्रमांवरच तो चालतो.

गाडी जुनी. माझी भाची लग्न होऊन घाटापलीकडे गेली, तेव्हापासून दाजींना तेवढा एकच नाद उरलेला. गेल्या खेपेला शेवटच्या वळणावर गाडीनं मान टाकली आणि ताईला ट्रकवाल्याच्या शेजारी बसून लेकीचं घर गाठावं लागलं. परत आल्यावर तिनं स्पष्ट सांगितलं, "पुढच्या वेळी घाट चढली नाही, तर विकून टाकायची." दाजींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि नुसती मान हलवली. ताई बोलली की बोलली, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग ते सल्ले गोळा करत सुटले. कुणी म्हणे मोठे व्हॉल्व्ह बसवा, कुणी म्हणे कडक स्प्रिंगा घाला. शेवटी माझ्याकडे आले ते सुटाच्या कापडात गुंडाळलेला, जुन्या बाजारातला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घेऊन. पसंत पडला तरच ठेवायचा, या बोलीवर आणलेला.

"हा घातला की गाडीला जोर येतो म्हणतात. पण पैसे एकाच कामापुरते आहेत, मेहुणे. हा घेऊ, की तुमच्याकडून हेड करून घेऊ?"

"आधी हेड उतरवू. मग बोलू."

हेड उतरवून टेबलावर उलटं ठेवलं आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी रॉकेल ओतलं. व्हॉल्व्ह नीट मिटत असेल तर ते तिथंच राहतं. इथं ताईनं डब्याबरोबर आणलेला चहा संपायच्या आत ते पार खाली उतरलं. धूर बाहेर सोडणारे सगळे व्हॉल्व्ह कडेनं जळले होते.

"व्हॉल्व्हच्या डोक्यावरची टॅपेटची फट कोण लावतं?"

"मीच. तसूभरही ढिलाई ठेवत नाही," दाजी म्हणाले. "माझ्या गाडीची कधी टकटक ऐकलीय तुम्ही?"

मी कपाळावर हात मारला. लोखंड तापलं की वाढतं. त्याला जागाच नसली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जोर तिथून निघून जातो आणि आगीनं कड जळते. हे मी जरा तिखटच सांगितलं. दाजींना काही पटेना. अंगाबरोबर बसवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला फट म्हणजे दोषच वाटणार.

ताई डब्याचं झाकण लावत म्हणाली, "अहो, माप घेताना तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता? पोट आत ओढू नका, श्वास घ्या, एकदा खाली बसून दाखवा. मग या गाडीनं काय पाप केलंय?"

दाजींचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. मग त्यांनी कॅमशाफ्ट परत कापडात गुंडाळला, कोपरे नीट दुमडून. मला वाईट वाटलं. फार आशेनं आणला होता त्यांनी.

जळलेले व्हॉल्व्ह बदलले, त्यांच्या बैठका नव्यानं कापल्या, दमलेल्या स्प्रिंगांखाली चकत्या घालून त्या ताठ केल्या. व्हॉल्व्ह घासून बसवायचं काम दाजींनाच दिलं; तसा हात माझ्याकडे नाही. टॅपेटमध्ये फट मात्र मी समोर उभं राहून ठेवायला लावली. दाजींनी चेहरा असा केला होता, जणू नवरदेवाची कॉलर सैल शिवतायत.

घाटात मी मागे बसलो होतो. पुढून बारीक टकटक येत होती. शेवटचं वळण आलं तसा दाजींचा हात सवयीनं गिअरकडे गेला आणि तिथंच थांबला. गाडी तिसऱ्यात होती आणि तिसऱ्यातच चढत होती.

माथ्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, पण बंद केली नाही. डोळे भरले होते.

"मीच तिचा गळा आवळून बसलो होतो," ते म्हणाले. मग ताईकडे न बघता विचारलं, "विकायची का?"

ताईनं काच खाली केली आणि थोडा वेळ ती टकटक ऐकली.

"नको," ती म्हणाली. "आत्ता कुठे बोलायला लागलीये."