उसना बार

संध्याकाळी माणसाच्या हातात काय असावे, याबद्दल माझी मते पक्की आहेत आणि ती मी कुणाला विचारून ठरवलेली नाहीत. सकाळी चहा प्यावा. दुपारी ताक. दिवस कलला की ज्याला चालते त्याने करवंटीभर ताडी घ्यावी, पण आपल्या झाडाची. कल्याण स्टेशनावर गोळीच्या बाटलीतले सोडावॉटर मिळते. ते प्यायले की नुसते ढेकर येतात, आणि ढेकर विकत घ्यावेत असे मला कधी वाटले नाही. आणि ज्याच्या भातात डुकरे घुसतात त्याच्या हातात बंदूक असावी. हे शेवटचे मत मी ठाण्याच्या कचेरीत उभा राहून मोठ्याने सांगितले होते. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे, आणि तो मी जाऊ देणार नाही.

आमचे गाव शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठाला. मी पोरवयातच तिथून निघालो, कल्याणला गवताच्या गंजींवर हमाली केली, आणि पुढे त्याच गंजी मुंबईच्या तबेल्यांना विकू लागलो. भाव करण्यात मला अजून कुणी हरवलेले नाही. आईबाप मात्र गावातच राहिले. दर रविवारी मी त्यांच्याकडे जात असे.

बापाजवळ एक ठासणीची बंदूक होती, त्याच्या बापाची. तिने कधी एखादे डुक्कर मेले असेल तर ते डुकराचेच दुर्दैव म्हणायचे. तिचे काम आवाजाचे. भात पोटरीला आले की बाप दुपार कलताच शेतातल्या माळ्यावर जाऊन बसे, आणि अंधार पडायच्या आत एक बार काढून घरी निघे. त्या आवाजाने डुकरे रात्रभर नदीकाठच्या झाडीतच राहत. पण बार काढण्याआधी आमच्याकडे हाळी देतात. बांधांवर बायका गवत कापत असतात, गुरे असतात, कुणी वाकलेले असते. म्हणून बाप माळ्यावर उभा राहून लांब आवाजात ओरडे, "बाजू व्हाऽऽ होऽऽ!" जरा थांबे, आणि मग बार.

ती हाळी आमच्या घरापर्यंत येई. आई तेव्हा चुलीपाशी तांदूळ धुऊन बसलेली असे. हाळी आली की ती फुंकणी उचले आणि बार झाला की आधण ठेवी. बाप दारात येईपर्यंत भाताला वाफ आलेली असे. दोघांमध्ये याबद्दल कधी बोलणे झाले असेल असे मला वाटत नाही. तो यायला उशीर झाला असे तिने कधी म्हटले नाही, आणि भात गार आहे असे त्याने.

मग हत्यारांचा कायदा आला. परवाना नसेल त्याने बंदूक जमा करायची. बापाने ती घोंगडीत गुंडाळून कल्याणच्या कचेरीत नेली. मी बरोबर होतो. शिपायाने ती घेतली, दोरीने एक चिठ्ठी बांधली आणि कोपऱ्यात, अशाच दहा-बारा बंदुकांच्या ढिगावर टेकवून ठेवली.

बाप तिथेच उभा. म्हणाला, "शिपायबाबा, हिला तेल कोन लावल?"

"तेल?"

"खोबऱ्याचं. पंधरवड्याला लावाया लागतं. नायतर गंज धरल."

शिपाई हसला. वाईट माणूस नव्हता तो. "म्हातारबा, इथं मलाच कुणी तेल लावत नाही," म्हणाला.

बापही हसला. पण परतताना खांद्यावरची घोंगडी त्याने तशीच लांब गुंडाळलेली धरली होती, आत काही नसताना.

त्याच सुमारास ताडीच्या झाडावर कर बसला. आमच्या बांधावर एकच ताड, तोही आजाने लावलेला. बापाने ताडी काढणाऱ्याला सांगितले, बाबा, चढू नकोस. झाड आमचे, पण रस सरकारचा. बंदूक आमची, पण बार सरकारचा. मी त्याला मुंबईहून चहाची पुडी आणून दिली. त्याने एक घोट घेतला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप आलाय का रं तुला? ह्यो काढा रोज पितोस?"

पण त्या भादव्यात तो माळ्यावर गेलाच नाही. घासलेटचा रिकामा डबा वाजवायला मी नेऊन दिला, तर म्हणाला, "डबा वाजवाया मी काय दारावर आलेला डोंबारी हाय?" ओट्यावर बसून राही. पहिल्यांदा मला वाटले, रागावला आहे. मग दिसले की तो उठतानाही भिंतीला हात लावतो आहे. महिन्याभरात माणूस इतका म्हातारा होतो हे मला माहीत नव्हते. आई तांदूळ धुऊन बसे आणि कशासाठी थांबलो आहोत हे आठवून मग आपली आपणच आधण ठेवी. एकदा मला म्हणाली, "सगळा दिस घरात हाय त्यो, पन मला वाटतं अजून आलाच नाय."

दुसऱ्या दिवशी मी रेल्वेने ठाण्याला गेलो.

कचेरीत परवान्यांचे काम एका कारकुनाकडे होते. नौपाड्यातला, पांढऱ्या उपरण्याचा, बोलायला गोड. मी भाव सुरू केला. आधी पुरा परवाना मागितला. तो नाही म्हणाला. मग फक्त भाताच्या हंगामापुरता. नाही. बंदूक पोलीस पाटलाकडे कुलपात राहील, संध्याकाळी नेऊ, लगेच परत करू. नाही. शेवटी मी माझा सगळ्यात खालचा भाव सांगितला.

"हे बघा रावसाहेब, गोळी नको. छर्रेही नकोत. नुसती दारू भरू. फक्त आवाजाचा परवाना द्या."

कारकून माझ्याकडे पाहतच राहिला. "अहो, आवाजाचा परवाना असा नसतो."

"मग काढा की. गोळीचा काढलात तसा."

"कायद्यात बंदूक अर्धी होत नाही, शेटजी. तिकडे गवताचा भाव करता तसा इथं करू नका."

इथवर मी शांत होतो. पण मला एकदम आमच्या शेतात दर रविवारी पाणलावे पक्षी मारायला येणारे गोरे आठवले. "शिकारीला येणाऱ्या साहेबलोकांनी परवाने कुठून काढले?" मी विचारले.

"त्यांना लागत नाही."

"का लागत नाही?"

"कायद्यात तसं आहे."

"त्यांची करमणूक, म्हणून त्यांना परवाना नको. आमचं पोट, म्हणून आम्हाला पाहिजे. असंच ना?" माझा आवाज चढला. बाहेरचे पट्टेवाले आत आले. कारकुनाने हात जोडले आणि अगदी नरमाईने म्हणाला, "अर्ज नामंजूर." मी आणखी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण त्यातले एक अक्षरही मी मागे घेणार नाही.

पुढच्या रविवारी शहाडच्या पुलाच्या कामावरचा साहेब आमच्या शेतात आला. लालबुंद तोंडाचा, अंगाने मोठा, आणि नेम असा की पाणलाव्यांनी त्याला घाबरायचे कारण नव्हते. मी बांधावर उभा होतो. त्याने दोन बार फुकट घालवले आणि मला सौदा दिसला.

"साहेब, खालच्या खाचरात पक्षी जास्त असतात," मी म्हणालो. "माझा बाप दाखवील. ते कुठे बसतात ते त्याला ठाऊक आहे."

साहेबाला मराठी बऱ्यापैकी येई, कामगारांकडून शिकलेली. "किती पैसा?"

"पैसा नको. दिवस मावळताना, जाण्याआधी, त्या माळ्यावरून एक बार काढायचा."

"कशावर?"

"कशावरच नाही. वर."

"नथिंगवर?" त्याने टोपी काढून डोके खाजवले. "रोज?"

"रोज."

"रोज नाय. संडे."

"रविवार आणि बुधवार."

"संडे!" तो हसत ओरडला. मी हात पुढे केला. रोज मिळणार नाही हे मला आधीच माहीत होते, पण एकदम रविवारवर आलो असतो तर त्याने महिन्यातून एकदा म्हटले असते.

बापाला मी सांगितले की साहेबाला पक्षी दाखवायला माणूस हवा आहे. तो कुरकुरला. "मी काय त्याचा कुत्रा हाय पाखरं उठवाया?" पण गेला. मी घरी येऊन चुलीपाशी आईजवळ बसलो. आईला सगळे सांगितले होते. तांदूळ धुऊन झाले होते. दिवस नदीपलीकडे टेकला आणि धाडकन बार झाला. आमच्या जुन्या बंदुकीपेक्षा दुप्पट मोठा. मी आईकडे पाहिले. माझा सौदा पुरा झाला होता.

आई हलली नाही.

"अगं आये, बार झाला की."

"झाला," ती म्हणाली. "पन हाळी कुठं?"

भाव करताना मी आवाज मागितला, दिवस मागितला, वेळ मागितली. हाळी मागायची राहिली. आणि साहेब हाळी कशाला देईल? बांधावर कोण वाकले आहे याची त्याला काय पडली होती? आईने आधण ठेवले, पण पाहुण्याला पाणी द्यावे तसे. असे आणखी दोन-तीन रविवार गेले. बार येई, आई उठे, आणि माझ्याकडे पाहून म्हणे, "आला रं, तुझा उसना बार." मला वाईट वाटू नये म्हणून म्हणे, हे मला कळत होते.

बाप मात्र रविवारी दुपारपासूनच तयार होऊन बसू लागला. साहेबाबद्दल त्याचे मत वाईटच होते. "अगं, त्यो पाखराकडं बघतच नाय," आईला सांगे, "बंदुकीकडं बघतो. नवरदेव नवरीकडं बघतो तसा." हे सांगताना तो भिंतीला हात न लावता उभा असे.

कापणीच्या आधीचा रविवार होता. मी चहा करून घेतला होता, त्याची पितळी आईच्या चुलीच्या कडेला ठेवली होती. दिवस बुडत आला. आई तांदळाच्या भांड्यात हात घालून बसली होती. आणि शेतावरून, पातळ, जरा फाटलेला, पण लांब जाणारा आवाज आला, "बाजू व्हाऽऽ होऽऽ!"

आईने फुंकणी उचलली.

मग जरा थांबणे. तेवढेच, जेवढे तो नेहमी थांबे. आणि बार.

मागाहून बापाने सांगितले ते इतकेच. साहेब बार काढणार, तोच बापाने त्याला दंडाला धरून मागे खेचले, कारण पलीकडच्या बांधावर कुणी बाई भारा बांधत होती. साहेब चिडला. बापाने बोट दाखवले. साहेबाने पाहिले, आणि बंदूक बापाच्या हातात दिली. "तू," म्हणाला. "तुला ठाऊक."

"भारी हाय बंदूक," बाप जेवताना म्हणाला. "पन हिला तेलच नाय लावत त्यो. मी सांगितलं त्याला. खोबऱ्याचं."

भाताला वाफ आली होती. आई वाढत होती. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, आणि तोही मान खाली घालून जेवत होता. माझा चहा चुलीच्या कडेला गार झाला होता.

आमची बंदूक अजून कल्याणच्या कचेरीत आहे, आणि तिला गंज चढला असणार. परवाना मिळाला नाही. मी ते विसरलेलो नाही, आणि ज्याला त्याला सांगतो की आपल्याच शेतात बार काढायला आम्हाला परक्याची बंदूक उसनी घ्यावी लागली. सांगताना माझा आवाज अजूनही चढतो. पण त्या संध्याकाळी मी आईला म्हणालो, "जरा कालवण वाढ," आणि ती म्हणाली, "गप जेव. आज तुझा बाप येळेवर आलाय."