करंड्यातला बिल्ला
कुंकवाचा करंडा उघडला, की आतला निळा बिल्ला दिसतो. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला एका जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बाहेर बर्फ, घरभर तिळगुळाचा वास. माजी राष्ट्राध्यक्षांची बायको आता स्वतःच त्या पदासाठी उभी होती. तिचा प्रचार करत एक गोरी बाई दारात आली. “नवऱ्याच्या नावावर पुढे आली,” कोणीतरी मराठीत पुटपुटलं. “इथे व्होट कोणाला आहे?” बाईने विचारलं. आम्ही सगळ्या नवऱ्यांच्या व्हिसावर आलेल्या; व्होट एकीलाही नव्हतं. मग किचनमधून शेजारच्या काकू हात पुसत आल्या. काका गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला आतच थांबायच्या. “मी सिटिझन आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. बाईने त्यांच्या पदराला बिल्ला लावला. निघताना तो मला देत काकू म्हणाल्या, “सिटिझन झालीस की लाव.” आता मीही व्होट करते. काकूंना कुंकू लावायचं मात्र राहूनच गेलं.