कणादीची हाक

आमची कोलकात्यातली घरमालकीण कणादी, घरातून कुणी निघालं की पदराचा बोळा तोंडावर धरून उभी राहायची. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे इथं घरोघर पाळतात. कणादीनं मात्र ते जिवाला लावून घेतलं होतं. तरुणपणी तिनं नवऱ्याला छत्रीसाठी मागून हाक मारली. तो हसत छत्री घेऊन गेला आणि गंगेत त्याची होडी उलटली. यावर मी तिच्याशी पुष्कळदा वाद घातला, उपयोग शून्य.

परवा तिचा धाकटा भाऊ सुबल बायकोला घेऊन कूचबिहारहून सियालदहला उतरला. आई गेल्यावर कणादीनंच वाढवलेला हा भाऊ. दुपारी हावड्याहून वेल्लोरला जाणारी गाडी, तिथं मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. मधल्या वेळात दीदीकडे आंघोळ, माशाचं कालवण, भात आणि जरा आडवं होणं. दोघं टॅक्सीत बसले आणि कणादीनं पाण्यासाठी फ्रीज उघडला. सुबलची इन्सुलिनची पिशवी आत तशीच होती.

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी होती. मी खिडकीतून ओरडणार, तोच तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. फोन काढला, तर तोही हिसकावून घेतला.

"फोन काय पुढून वाजतो होय? तीही मागूनच मारलेली हाक. चला, आपण त्याच्या पुढे जाऊन उभं राहू."

गेल्या वर्षी साखर चढून सुबल बेशुद्ध पडला होता, आणि आता दोन रात्रींचा प्रवास. दुसऱ्या टॅक्सीत मी तिला नको नको ते बोललो. असल्या खुळापायी भाऊ गमावशील, असंही म्हणालो. ती पिशवी छातीशी धरून ड्रायव्हरला पुढे काढायला सांगत राहिली. बडाबाजारात हातगाड्यांनी रस्ता अडवलेला. शेवटी आम्ही उतरलो आणि हावड्याचा पूल पायीच ओलांडला. माझा संताप धापेत विरला.

फलाटावर गाडी सुटायच्या बेतात होती. सुबलची बायको मिनती डब्यात चढली होती, सुबल दाराकडे चालला होता. पाठमोरा. मध्ये पार्सलांचा ढीग आणि माणसांची भिंत. पुढे जायला वाट नाही. भोंगा झाला. कणादीचे ओठ हलले, आवाज फुटेना. खोटं कशाला सांगू, इतका वाद घालणारा मी, मलाही हाक मारवेना.

"सुबल रे!"

कणादीच ओरडली होती. सुबल वळला, माणसं ढकलत आला. पिशवी बघून त्यानं कपाळावर हात मारला. दारातल्या मिनतीचा चेहरा पांढरा पडला.

"दीदी, मागून हाक मारलीत?"

"चुकले गं," कणादी म्हणाली. "सुबल, घटकाभर बस, म्हणजे दोष टळेल, मग नीघ."

बसायला वेळ कुठला? गाडीला हिसका बसला. सुबल धावत जाऊन दांडीला लटकला आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाला, "आईनं मागून हाक मारली तर ती शुभच असते, विसरलीस? मला दुसरी आई कोण आहे?"

गाडी हलली. कणादीनं सवयीनं पदराचा बोळा तोंडावर धरला. मग तिनं तोंडावरचा पदर काढला आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ती त्याला नावानं हाका मारत राहिली.