बूटलोडर कुठं बसवू?

इंद्रायणीबाई आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतात. मी इतिहास शिकवते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. त्या सोलापुरातच, शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहतात. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, भावंडं नाहीत, आणि आई गोदावरीबाई संधिवातानं वर्षानुवर्षं अंथरुणावर. गेल्या वर्षी आईही गेल्या. हे सगळं त्यांनी मला डबा खाताना, तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

पूर्वी कॉलेजच्या लॅबमध्ये अवधूत नावाचे सहायक होते. माळशिरसकडचे, घरची शेती. आले तेव्हा त्यांना वायरी जोडण्यापलीकडं फारसं काही येत नव्हतं. बाईंनी त्यांना हाताशी धरून शिकवलं. त्या दिवसांत बाईंना लिनक्सचा नाद लागलेला. जुन्या मशिनींवर विंडोज राहू द्यायचं आणि जोडीला लिनक्स बसवायचं, असं दोघांनी ठरवलं, आणि तास संपले की दोघं लॅबमध्ये बसू लागले.

एकदा ऑफिसच्या संगणकाचा घोटाळा झाला. त्यात दोन डिस्क होत्या. पहिलीवर विंडोज, दुसरीवर यांनी बसवलेलं लिनक्स. संगणक सुरू झाला की सगळ्यांत आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि दोन्हीपैकी काय उघडू म्हणून विचारतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो यांनी घाईत पहिल्या डिस्कवर बसवला होता. पुढं कुणीतरी दुसरी डिस्क काढून भलत्याच मशिनला लावली. झालं, बूटलोडरचा अर्धा जीव त्या दुसऱ्या डिस्कमध्ये. त्यामुळं विंडोज जागच्या जागी असूनही संगणक उघडेना. काळ्या पडद्यावर नुसत्या दोन पांढऱ्या ओळी. प्रवेशाचे दिवस होते, प्राचार्य संतापले.

ते निस्तरायला दोघं रविवारी आले. दुपारी बाईंच्या डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी दोघांनी मिळून खाल्ली. संध्याकाळी संगणक सुरू झाला. निघताना बाईंनी पाहिलं, तर अवधूतनी डबा नळावर धुऊन, पुसून, त्यांच्या पिशवीत ठेवला होता. "मला आयुष्यात कुणी डबा धुऊन दिला नव्हता," बाई मला म्हणाल्या. त्या रविवारबद्दल त्या एवढंच बोलल्या.

पुढं अवधूतच्या वडिलांनी अंथरूण धरलं. शेती बघायला कुणी नव्हतं, म्हणून नोकरी सोडून ते गावी निघाले. शेवटच्या दिवशी लॅबच्या किल्ल्या बाईंच्या हातात देताना म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं या एकदा. घर बघून जावा. आईंनाबी घेऊन या."

आईंनाही घेऊन या, म्हणजे काय, ते बाईंना कळलं होतं. घरी गेल्यावर त्यांनी आईपुढं विषय काढायचं ठरवलं, आणि काढला नाही. आई शेतावरच्या घरात कशी राहील, लोक काय म्हणतील, आपल्या घरात असं कधी झालं नाही, असं सगळं मनातल्या मनातच चालू राहिलं. अवधूतना त्या "बघू" एवढंच म्हणाल्या होत्या. वर्षभरानं अवधूतच्या लग्नाची पत्रिका आली.

त्यानंतर दर संक्रांतीला मोबाइलवर तिळगुळाचं एक चित्र यायचं. बाईही एक चित्र पाठवायच्या. बाकी काही नाही.

आता अलीकडची गोष्ट. बाईंच्या घरच्या संगणकातलं विंडोज जुनं झालं, त्याचे अपडेट बंद झाले, आणि नवं विंडोज त्या जुन्या मशिनला चालेना. जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिकांसाठी आहे ते विंडोज राहू द्यावं आणि बाकी कामाला लिनक्स घ्यावं, म्हणून बाईंनी नवी डिस्क आणून आत बसवली. एका रविवारी सकाळी काम काढलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पडद्यावर तो प्रश्न आला: बूटलोडर कोणत्या डिस्कवर बसवायचा?

उत्तर बाई कितीतरी वर्षं मुलांना शिकवत आल्यात. पण त्यांचा हात माउसवरून निघाला, आणि त्यांनी फोन घेतला.

पलीकडून लगेच आवाज आला. "मॅडम?"

बाईंनी एकदम कामाचंच काढलं. दोन डिस्क आहेत, पहिलीवर विंडोज आहे, बूटलोडर कुठं बसवू?

मागं पाण्याची मोटर चालू होती.

"तुमाला म्हाईत हाय की, मॅडम."

"माहीत आहे. तरी विचारावंसं वाटलं."

"मग दुसऱ्या डिस्कवर बसवा," ते सावकाश म्हणाले. "पयलीला हात लावू नगा. उद्या एक काढली तरी दुसरी चालली पायजे."

तेवढ्यात मागून बाईमाणसाचा आवाज आला, कोण आहे म्हणून. अवधूतनी तिला सांगितलेलं बाईंना स्पष्ट ऐकू आलं. "सोलापूरच्या मॅडम हायत. माझ्या गुरू."

"त्याहून मोठा मान मला कुणी दिला नाही," बाई मला म्हणाल्या, "आणि त्याहून लांब मला कुणी बसवलंही नाही."

फोन ठेवून त्यांनी दुसरी डिस्क निवडली, संगणकाची सुरुवातही त्याच डिस्कवरून होईल असं केलं. संगणक नीट उघडला. पडद्यावर दोन्ही नावं आली. बाई त्यांच्याकडं बघत बसल्या. कुठलंच उघडावंसं वाटेना. मग उठून त्यांनी चहा टाकला.

पुढच्याच आठवड्यात त्यांना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. अवधूतची बायको, सिद्धेश्वरी. गावातल्या बचत गटाचं काम ती एका जुन्या लॅपटॉपवर करते. म्हणाली, तो लई हळू चालतो, त्यावर लिनक्स टाकायचंय, घरच्या माणसांना विचारलं तर ते म्हणतात मी सगळं विसरलो, तेवढं तुमीच सांगा. नंबर तिनं नवऱ्याच्या फोनमधून घेतला होता.

बाईंनी सांगितलं. त्यात एकच डिस्क होती, विंडोज ठेवायचंही नव्हतं, त्यामुळं निवडायचं काही नव्हतं. सिद्धेश्वरी हुशार निघाली. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारायची नाही. आता ती अधूनमधून रविवारी फोन करते. कधी प्रिंटर अडतो, कधी मराठी टायपिंग. दोघींचं चांगलं जमलंय. परवा तिनं घरची शेंगाचटणी एसटीनं पाठवली, आणि बाईंनी ती मलाही दिली.

एका रविवारी एक मोठी फाइल उतरत होती. दोघी फोनवर नुसत्या थांबल्या होत्या. मागं अंगणात अवधूत कुणाशी तरी बोलत होते. शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता.

"बरे आहेत ना ते?" बाईंनी विचारलं.

"बरे हायत की. हितंच हायत. देऊ का?"

"नको," बाई म्हणाल्या. "तुमचं काम होऊ दे."

फाइल उतरायला बराच वेळ लागला. बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.