स्नेझाची काळी रेघ

आमच्या प्लॉवदिवच्या प्रयोगशाळेतल्या झ्लातिनाबाईंनी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. आयुष्यभरात त्यांनी एक अँटिबॉडी तयार केली.

माणसाच्या पेशीद्रवातलं एक प्रथिन सशाला टोचायचं. मग सशाच्या रक्तात त्याला नेमकं पकडणारं द्रव्य, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतं. स्नेझा नावाच्या पांढऱ्या सशिणीने बाईंना ते दिलं. ती केव्हाच मेली. तिची अँटिबॉडी फ्रीजरमधल्या नळ्यांत उरली. पेशींच्या अर्कात ते प्रथिन असलं की चाचणीच्या पट्टीवर काळी रेघ उमटायची. पोटाच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन वाढतं, हे बाईंनी त्या रेघेवरूनच मांडलं होतं. देशभरातून लोक नळ्या मागायचे आणि बदल्यात भाजलेल्या मिरच्यांची बरणी आणायचे.

मार्चमध्ये त्यांचा जुना विद्यार्थी लाचेझार सोफियाहून पेशी घेऊन आला.

"बाई, यांच्यातून तुमचं प्रथिन पार काढून टाकलंय. स्नेझाला पकडायला काहीच नाही. पट्टी कोरी यायला हवी."

"कोरी पट्टी बघायला एवढ्या लांबून आलास? सोफियात कामं संपली वाटतं!"

मी त्या पेशींच्या अर्काच्या पट्टीला स्नेझाची अँटिबॉडी लावली आणि पट्टी धुतली. रेघ आली. नेहमीच्याच जागी, तशीच काळीभोर.

"पेशींची अदलाबदल केली असशील," बाई म्हणाल्या. "तुझा वेंधळेपणा मला माहीत आहे."

त्याने तपासून आणलेली दुसरी कुपी पुढे केली. बाईंनी पुन्हा सगळं स्वतःच्या हाताने केलं. पुन्हा रेघ.

त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली.

"म्हणजे ती दुसरंच काहीतरी पकडत होती," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

लाचेझार म्हणाला, "बाई, तेव्हा अशा पेशी मिळतच नव्हत्या. कुणाला कळणार होतं?"

"तू चहा घे," बाई म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या. नळ्या नेलेल्या प्रत्येकाला त्यांना सांगायचं होतं. पहिला फोन वार्नाच्या डॉक्टर ओग्न्यानना. त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"चेष्टा करताय काय, बाई? आमच्याकडे तर रेघ काय सुरेख येते! उलट नळी संपत आलीय. ईस्टरच्या आत दोन पाठवा. मी मासे पाठवतो."

"ओग्न्यान, ती खोटी आहे."

"तुम्ही दमलाय, बाई. सुट्टी घ्या. आणि दोन नाही, तीनच पाठवा."

फोन बंद झाला. बाईंनी पुढचा नंबर लावला नाही.

"सुरेख येते म्हणे," त्या म्हणाल्या.

मी पट्टी कचऱ्यात टाकायला उचलू गेले, तर त्यांनी तिच्यावर हात ठेवला.